अकॉर्डियनवाले देइरो बंधू

इटलीहून आलेल्या गायकाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या न्यूयॉर्कमध्ये श्रोत्यांची वाण नव्हती. इटालियन वस्तीतल्या कॅफेंमध्ये आणि लहान नाट्यगृहांमध्ये नेपल्सची गाणी रंगत. एदुआर्दो मिल्याच्चो हा या वस्तीचा लाडका गायक-नट. ‘फारफारिएल्लो’ या नावानं तो रंगमंचावर येई. कधी नुकताच बोटीतून उतरलेला खेडूत, कधी ठसक्यात बोलणारी बाई, अशी आपल्याच माणसांची सोंगं घेऊन तो गात असे आणि प्रेक्षकांची हसून हसून मुरकुंडी वळे. त्याची भाषा म्हणजे नेपल्सची बोली आणि मोडकीतोडकी इंग्रजी यांची भेळ. ती कळायला माणूस त्याच वस्तीतला हवा. चार रस्ते ओलांडून पलीकडे गेलं, की ना त्याचे विनोद कोणाला कळत, ना त्यामागचं दुःख.

त्याच काळात आणखी एक इटालियन अमेरिकेभर फिरत होता. त्याच्या जाहिरातीत एकच शब्द असे, ‘देइरो’. इंग्रजी त्याला बेताचंच येत होतं, पण सिएटलपासून न्यूयॉर्कपर्यंत कुठल्याही थिएटरात त्याला टाळ्या मिळत. त्याच्या छातीवर बांधलेल्या वाद्याला दुभाष्याची गरज नव्हती. ग्विदो देइरो आणि त्याचा धाकटा भाऊ पिएत्रो यांची कहाणी म्हणूनच मला सांगावीशी वाटते. परक्या देशात गायकाला जी भिंत ओलांडता आली नाही, ती या दोघांनी ओलांडली. त्यात त्यांच्या बोटांच्या कसबाइतकाच त्या वाद्याच्या रचनेचा वाटा होता.

ग्विदोचा जन्म 1 सप्टेंबर 1886 चा, उत्तर इटलीतल्या पिएमोंते प्रांतातल्या साल्तो कानावेझे या तुरीनजवळच्या गावातला. पिएत्रो त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. 1880 ते 1920 या चाळीस वर्षांत चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत उतरले. त्यातले बहुतेक दक्षिणेकडचे, सिसिली आणि नेपल्सच्या आसपासचे. देइरो बंधू उत्तरेकडचे होते आणि त्यांची वाटही निराळी निघाली. पिएत्रो 1907 मध्ये अमेरिकेत आला आणि थेट पश्चिम टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या क्ली एलम या डोंगराळ गावी पोचला. रेल्वेच्या इंजिनांना लागणारा कोळसा तिथल्या खाणींतून निघत असे आणि युरोपातल्या अनेक देशांचे मजूर तिथे राबत असत. पिएत्रोही खाणीत उतरला. पुढच्याच वर्षी ग्विदो त्याच्याकडे आला. दोघांनाही वाजवता येत होतं, आणि खाणकामगारांच्या गावात संध्याकाळी वाजवणाऱ्याला मागणी असते. तिथून सिएटल शहर जवळ. बंदराचं गाव, अलास्काच्या सोन्यामागे धावणाऱ्यांचा राबता आणि जागोजागी गुत्ते. या गुत्त्यांमध्ये वाजवूनच दोघा भावांनी आपला जम बसवला.

त्या वाद्याकडे आता जरा जवळून पाहू.

अकॉर्डियन हे आपल्या पेटीच्याच घराण्यातलं. दोन्हींचा आवाज धातूच्या पातळ पात्यातून निघतो. पातं एका टोकाला घट्ट बसवलेलं, दुसरं टोक मोकळं. त्याच्या खालच्या फटीतून हवा गेली की ते थरथरतं आणि सूर उमटतो. पातं लांब आणि जड असेल तर सूर खर्जाचा, आखूड आणि हलकं असेल तर तार सप्तकातला. फरक आहे तो भात्यात. पेटीत हवा एकाच दिशेनं वाहते, त्यामुळे एका सुराला एक पातं पुरतं. अकॉर्डियनमध्ये वादक भाता ओढतो तेव्हा हवा आत येते, दाबतो तेव्हा बाहेर जाते. एक पातं एकाच दिशेच्या हवेवर वाजतं. म्हणून एकाच पट्टीवर दोन पाती, एक येणाऱ्या हवेसाठी आणि दुसरं जाणाऱ्या हवेसाठी. न वाजणाऱ्या पात्यातून हवा फुकट जाऊ नये म्हणून त्यावर चामड्याची चिंचोळी पट्टी झडपेसारखी बसवलेली असते. पाती धातूच्या पट्टीवर रिव्हेटनं ठोकलेली, आणि त्या पट्ट्या लाकडी ठोकळ्यांवर मेण आणि राळ यांच्या मिश्रणानं चिकटवलेल्या. आजच्या पूर्ण आकाराच्या वाद्यात उजव्या हाताला पियानोसारख्या 41 पट्ट्या आणि पात्यांचे चार संच असतात. म्हणजे नुसत्या उजव्या बाजूलाच 328 पाती, आणि त्यातलं प्रत्येक हातानं घासून सुरात आणावं लागतं.

व्हिएन्नाच्या सिरिल डेमियाननं 1829 मध्ये ‘अकॉर्डियन’ या नावानं पेटंट घेतलं, तेव्हा ते हातात मावणारं लहानसं वाद्य होतं. एक बटण दाबलं की अख्खा स्वरमेळ वाजायचा. पुढे त्याचे अनेक प्रकार झाले. युरोपच्या खेड्यापाड्यांत लोकप्रिय झालेल्या प्रकारात एकच बटण भाता ओढताना एक सूर देई आणि दाबताना दुसरा. नाचाच्या चाली वाजवायला ते झकास, पण चाल मधेच दुसऱ्या सुरावर गेली की वादक अडकायचा. इटलीत कास्तेलफिदार्दो गावी पाओलो सोप्रानीनं 1860 च्या दशकात कारखाना घातला आणि पुढे ते गावच अकॉर्डियनचं माहेरघर बनलं. उत्तरेत स्त्रादेल्ला गावी मारियानो दाल्लापे हा दुसरा मोठा कारागीर. आज सगळीकडे वापरली जाणारी डाव्या हाताची बटणांची मांडणी या स्त्रादेल्लाच्याच नावानं ओळखली जाते.

ही मांडणी म्हणजे फार सुंदर कल्पना आहे. पूर्ण वाद्यात डाव्या हाताला 120 बटणं, सहा ओळींत. दोन ओळी एकेका खर्जाच्या सुरासाठी. उरलेल्या चार ओळींतलं कुठलंही बटण दाबलं की एकदम तीन सुरांचा मेळ. आणि ओळीतलं प्रत्येक पुढचं बटण मागच्याशी षड्ज-पंचम भावात! पाश्चात्त्य संगीतात साथीचे मेळ बहुतेक वेळा सा आणि प, किंवा सा आणि म असेच फिरतात. ते सगळे बोटांच्या शेजारी येऊन बसले. शिवाय काळी एक मध्ये वाजवलेली चाल पांढरी चार मध्ये न्यायची तर डाव्या हाताची बोटं तशीच्या तशी सरकवायची, नव्यानं काही शिकावं लागत नाही. वादकाला ही बटणं दिसत मात्र नाहीत, कारण ती त्याच्या नजरेपलीकडे, भात्याच्या बाहेरच्या अंगाला असतात. म्हणून एका बटणावर छोटासा खळगा किंवा खडा असतो. बोटाला तो लागला की बाकीची एकशेएकोणीस आपोआप सापडतात.

उजव्या हाताला पियानोच्या पट्ट्या बसवण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकात युरोपात निघाली होती, पण ती रुळली नव्हती. इटलीतले निष्णात वादक बटणांवरच वाजवत, आणि त्यांच्याकडे त्याचं सबळ कारण होतं. बटणं जवळजवळ असतात, हाताच्या एका पसरणीत पट्ट्यांपेक्षा कितीतरी जास्त सूर येतात. वादनाच्या सोयीचा विचार केला तर पट्ट्यांना जिंकायचं काही कारण नव्हतं. तरीही अमेरिकेत त्याच जिंकल्या, आणि त्याचं मोठं श्रेय ग्विदोकडे जातं.

1909 च्या उन्हाळ्यात सिएटलला अलास्का-युकॉन-पॅसिफिक प्रदर्शन भरलं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सदतीस लाखांहून अधिक लोकांनी हजेरी लावली. तिथे ग्विदो एका इटालियन कारखान्याचं पट्ट्यांचं अकॉर्डियन लोकांना वाजवून दाखवत असे. त्या वेळच्या अमेरिकेत मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात पियानो असणं हे प्रतिष्ठेचं होतं. मुलींना पियानो शिकवत, नव्या गाण्यांची छापील स्वरलिपी पियानोसाठीच विकली जाई. अशा लोकांसमोर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, गळ्यात अडकवलेलं वाद्य आलं. बटणांचं अकॉर्डियन म्हणजे स्थलांतरितांचं, गुत्त्यातलं. हे मात्र त्यांना आपल्या घरातलं वाटलं. वादकाची बोटं काय करतायत हे त्यांना दिसत होतं, समजत होतं. भाषेची भिंत इथेच पडली, असं माझं मत आहे. श्रोत्याला अनोळखी माणसाच्या हातात ओळखीचं काहीतरी दिसावं लागतं.

हे किती खरं होतं, ते पिएत्रो फ्रोसिनीच्या वाद्यावरून कळतं. हा सिसिलीचा, 1885 चा जन्म, देइरो बंधूंच्याही आधी अमेरिकेत आलेला आणि तंत्रात कदाचित दोघांपेक्षा सरस. तो बटणांवरच वाजवी. पण पट्ट्यांची लाट आली, थिएटरवाल्यांना आणि प्रेक्षकांना पट्ट्याच हव्या झाल्या. नव्यानं बोटं वळवणं त्याला मंजूर नव्हतं. शेवटी त्यानं आपल्या वाद्यावर पियानोच्या खोट्या पट्ट्या बसवून घेतल्या. त्या वाजत नसत. प्रेक्षकांना लांबून काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसत आणि फ्रोसिनीची बोटं मात्र बटणांवर धावत. एवढ्या मोठ्या कलावंताला हे करावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

1910 मध्ये ग्विदो सॅन फ्रान्सिस्कोला व्होडव्हिलच्या रंगमंचावर आला. हे शहर त्याच्यासाठी योग्यच होतं. नॉर्थ बीच भागात इटालियनांची मोठी वस्ती, आणि ग्वेर्रिनी, गॅलिअझ्झी यांच्यासारखे अकॉर्डियन बनवणारे कारागीर तिथेच दुकानं थाटून बसलेले. व्होडव्हिल म्हणजे त्या काळातल्या अमेरिकेची सगळ्यात मोठी करमणूक. एका खेळात आठ-नऊ जणांचे कार्यक्रम: कसरतपटू, विनोदवीर, कुत्र्यांची सर्कस, गायिका, जादूगार. प्रत्येकाला दहा ते वीस मिनिटं. ऑर्फियमसारख्या कंपन्यांची थिएटरं शहराशहरांत साखळीनं पसरलेली, आणि एकदा करार झाला की कलाकार आठवड्याला एक गाव करत महिनोन्महिने आगगाडीतच राहत. इथे मैफल रंगायला वेळ नसे. पहिल्या अर्ध्या मिनिटात प्रेक्षक हातात आला नाही तर गेला. ग्विदोनं यासाठी कार्यक्रम नेमका बांधला होता. संगीतिकेतली गाजलेली चाल, एखादं भरधाव मार्च, आणि मग रॅगटाइम. तेव्हाच्या तरुण पोरांना वेड लावणारी ही रॅगटाइमची ठेक्याची चाल त्यानं फार लवकर उचलली आणि ‘देइरो रॅग’ नावाची रचना स्वतःही केली. पिएमोंतेचा मुलगा अमेरिकेतल्या काळ्या संगीतकारांनी घडवलेला ठेका इटालियन वाद्यावर वाजवतोय आणि सॅन फ्रान्सिस्कोचे लोक माना डोलावतायत, हे त्या देशातच घडू शकत होतं.

भाता झपाट्यानं आतबाहेर हलवून एकच सूर कंपित करायचा, ही ग्विदोच्या वादनातली करामत लोकांना विशेष आवडे. भाता ओढताना आणि दाबताना सूर बदलणाऱ्या जुन्या वाद्यावर ते जमणारं नव्हतं.

1911 पासून त्याच्या तबकड्या कोलंबिया कंपनीकडून निघू लागल्या. पियानो अकॉर्डियनच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी त्या आहेत. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर वाजवी आणि आवाजाच्या धक्क्यानंच मेणावर खाच कोरली जाई. व्हायोलिन अशा मुद्रणात क्षीण होई, खर्जातलं तंतुवाद्य जवळजवळ नाहीसंच होई. अकॉर्डियनचा आवाज ठासून भरलेला, आणि एकच माणूस चाल आणि साथ दोन्ही पुरवणारा. कंपनीला आणखी काय हवं? एका वादकाच्या मानधनात वाद्यवृंदाचं काम होत होतं. दक्षिणेकडच्या कुठल्याशा खेड्यात, जिथे व्होडव्हिलची गाडी कधी थांबली नसेल, तिथेही ग्विदो अशा रीतीनं पोचला.

या फिरतीतच त्याची गाठ मे वेस्टशी पडली. ब्रूकलिनची ही मुलगी पुढे हॉलिवूडची मोठी तारका झाली, पण 1913 च्या सुमारास ती व्होडव्हिलमध्ये गाणारी, नाचणारी वीस वर्षांची मुलगी होती आणि ग्विदोचं नाव तिच्याहून मोठं होतं. दोघं एकत्र दौऱ्यावर जात. त्यांचं लग्न झाल्याचं मानलं जातं, आणि 1920 मध्ये न्यायालयातून घटस्फोट झाला. गुंतागुंत अशी, की मे वेस्टनं 1911 मध्येच फ्रँक वॉलेस नावाच्या सहकलाकाराशी गुपचूप लग्न केलं होतं आणि ते तेव्हा मोडलेलं नव्हतं. हे लग्न उजेडात आलं ते 1935 मध्ये, ती प्रसिद्धीच्या शिखरावर असताना. आपल्या आत्मचरित्रात तिनं ग्विदोला नुसतं आद्याक्षर देऊन गुंडाळलं आहे. आज ग्विदोचं नाव अनेकांना मे वेस्टचा नवरा म्हणूनच ठाऊक असतं. त्याच्यावर हा अन्यायच झाला.

इकडे धाकटा पिएत्रोही मोठ्या भावाच्या मागोमाग रंगमंचावर आला होता. मोठा ‘देइरो’ झाला, म्हणून हा ‘पिएत्रो’ झाला. व्हिक्टर कंपनीसाठी त्यानं भरपूर तबकड्या केल्या. दोघा भावांत चुरस होती आणि पुढे ती कटुतेपर्यंत गेली. पट्ट्यांचं अकॉर्डियन अमेरिकेत पहिल्यांदा कुणी आणलं, या श्रेयावर पिएत्रोनं नंतरच्या काळात आपला हक्क सांगितला आणि ग्विदोला तो झोंबला. मला विचाराल तर व्होडव्हिलच्या मोठ्या रंगमंचावर हे वाद्य पोचवण्याचा मान ग्विदोचा आहे. पिएत्रोचं मोठेपण दुसऱ्याच कामात आहे, आणि ते काम ग्विदोला साधलं नाही.

1920 च्या दशकात दिवस फिरले. 1924 च्या कायद्यानं इटलीहून येणाऱ्यांचा ओघ आटला. मायक्रोफोन आला आणि ध्वनिमुद्रण विजेवर होऊ लागलं. हळू आवाजात, कानाशी बोलल्यासारखं गाणारे गायक आता लोकांच्या घरात शिरले, आणि अकॉर्डियनच्या दणदणीत आवाजाचं महत्त्व कमी झालं. मग बोलपट आला. ग्विदो मागे राहिला असं नव्हे. 1928 मध्ये वॉर्नर बंधूंच्या व्हायटाफोन या यंत्रणेवर त्याचा छोटा बोलपट निघाला. बोलपटात अकॉर्डियन वाजवणाऱ्या पहिल्या कलावंतांत त्याची गणना होते. पण त्याच बोलपटानं व्होडव्हिलची थिएटरं गिळली. जिवंत कलाकारांच्या जागी पडदा आला, पाठोपाठ मंदी आली, आणि ज्या साखळीवर ग्विदोचं आयुष्य उभं होतं तीच तुटली. त्यानं कॅलिफोर्नियात शिकवण्या सुरू केल्या. पूर्वीचे दिवस परत आले नाहीत. 26 जुलै 1950 रोजी कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा इथे तो वारला.

पिएत्रोनं मात्र वेळीच ओळखलं होतं, की रंगमंच गेला तरी शिकणारे राहणार आहेत. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये त्यानं शिकवण्याची जागा आणि अकॉर्डियन संगीताचं प्रकाशन उभारलं. शिकवण्याची पुस्तकं, अभ्यासाचे धडे, गाजलेल्या रचनांची अकॉर्डियनसाठी केलेली रूपांतरं आणि स्वतःचे कन्चेर्तो, असं बरंच काही त्यानं छापलं. त्याआधी अकॉर्डियनचं ज्ञान बहुतांशी ऐकून, पाहून एकाकडून दुसऱ्याकडे जात असे. पिएत्रोच्या पुस्तकांमुळे ओहायोतल्या लहान गावातला मुलगाही धडा पहिला, धडा दुसरा असं करत शिकू लागला. 1938 मध्ये न्यूयॉर्कला अकॉर्डियनवादकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिचा पहिला अध्यक्ष पिएत्रोच. लगेच पुढच्या वर्षी, 18 एप्रिल 1939 ला, चार्ल्स मॅग्नान्ते आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी कार्नेगी हॉलमध्ये अकॉर्डियनची मैफल केली. मॅग्नान्ते हा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, इटालियन स्थलांतरितांचा मुलगा. वडिलांच्या पिढीनं गुत्त्यात वाजवलेलं वाद्य मुलांनी कार्नेगी हॉलपर्यंत नेलं. पिएत्रो 1954 मध्ये वारला, तेव्हा अमेरिकेत अकॉर्डियनच्या शिकवण्यांना जोरात मागणी होती. पुढे रॉक अँड रोल आलं, पोरांच्या हाती गिटार आली, आणि ती मागणी ओसरली.

आपल्याकडे हे वाद्य हिंदी चित्रपटाच्या वाटेनं पोचलं, आणि आलं ते पट्ट्यांचंच. शंकर-जयकिशन यांच्या संगीतात अकॉर्डियन कुठे नाही? ‘संगम’मध्ये राज कपूरच्या गळ्यात तेच आहे. गुडी सिरवाई, केर्सी लॉर्ड, सुमित मित्रा आणि पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांनी मुंबईच्या स्टुडिओंमध्ये त्याला मींडेचा भास द्यायला शिकवलं. पेटीवर हात बसलेल्या आपल्या वादकांना ते जवळचं वाटलं, कारण पेटीलाही पट्ट्याच असतात. डाव्या हाताची बटणं मात्र आपल्याकडे कमी वापरली गेली. आपलं संगीत स्वरमेळावर नाही, चालीवर चालतं, आणि चालीसाठी उजवा हात पुरतो. षड्ज-पंचम भावात मांडलेली ती शंभरावर बटणं आपल्या स्टुडिओंत बऱ्याचदा गप्प राहिली, याची मला थोडी हळहळ वाटते.

ग्विदोच्या मुलानं वडिलांची कागदपत्रं, छायाचित्रं आणि स्वरलिपी जपून ठेवली होती. ती आता न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या ग्रॅज्युएट सेंटरकडे आहेत. हेन्री डॉक्टोर्स्की या अकॉर्डियनवादकानं ग्विदोच्या सगळ्या रचनांची स्वरलिपी संपादित केली आणि ती पुस्तकरूपानं छापून आली. स्वतः ग्विदोनं प्रकाशनाचा संसार मांडला नव्हता. त्यामुळे त्याच्या कित्येक रचना बरीच वर्षं फक्त तबकडीवर होत्या, आणि ज्याला वाजवायच्या असतील त्यानं त्या कानानंच उतरवून घ्याव्या लागत. आता ‘देइरो रॅग’ कुठल्याही अकॉर्डियन विद्यार्थ्याला छापील पान समोर ठेवून बसवता येतो. डाव्या हाताचा ठेका तसा सोपा आहे, शिकणाऱ्याला तो आठवड्याभरात जमतो. उजव्या हाताची रॅगटाइमची चाल त्या ठेक्याच्या मधोमध, नेमक्या आडव्या जागी टाकणं अवघड. तेवढं साधण्यासाठी त्यानं ग्विदोची मूळ तबकडीही सोबत ऐकावी.